वीसपैकी सात

माझ्या फाइलमध्ये दोन रिपोर्ट मागेपुढे लावलेले आहेत. एक टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, दुसरा बोन मॅरोच्या कॅरिओटाइपचा, म्हणजे हाडांतल्या मज्जेच्या पेशींमधली गुणसूत्रं तपासण्याचा. इकोचा आला तेव्हा घरात कोणी फारसं हललं नाही. कॅरिओटाइपचा आला त्या रात्री मात्र पानं तशीच राहिली. डॉक्टरांचं बरोब्बर उलट. इको बघून ते खुर्चीत पुढे सरकले, आणि कॅरिओटाइप बघून म्हणाले, "हं, या वयात दिसतं असं."

त्या दुसऱ्यात निघालं होतं की माझ्या काही पेशींतून वाय, म्हणजे पुरुषांतच असणारं गुणसूत्र, हरवलंय. मराठीत याबद्दल शोधायला गेलो तर 'पुरुषजात नामशेष होणार?' छापाच्या बातम्यांपलीकडे काही हाती लागलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. राहायला नौपाड्यात. नोकरी सगळी वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत, क्वालिटी कंट्रोलला. मायक्रोमीटर, बोअर गेज, डायल, यांच्यात हयात गेली. त्यामुळे कुठलाही आकडा समोर आला की मला आधी विचारावंसं वाटतं, मोजला कशाने? ही खोड घरच्यांना नकोशी वाटते, पण या प्रकरणात तिचाच उपयोग झाला.

सुरुवात धापेने झाली. ठाणे स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना मध्येच कठड्याला टेकून उभं राहावं लागायचं. तलावपाळीला आमचा सकाळचा कंपू आहे. तिथे मी मागे पडू लागलो. "आता वय झालं की हो," असं सगळेच म्हणत होते, आणि मलाही ते पटत होतं. सत्तरीनंतर काय दुखावं नि काय दुखू नये याचा हिशेब कुणाकडे असतो? पण पाडव्याच्या स्वागतयात्रेत राम मारुती रोडवर चालताना डोळ्यांपुढे एकदम अंधारी आली. एका दुकानाच्या पायरीवर बसलो. कुणीतरी पाणी दिलं. ही बरोबर होती, तिने त्याच संध्याकाळी फॅमिली डॉक्टरकडे नेलं.

आमचे डॉक्टर जुन्या वळणाचे. स्टेथोस्कोप छातीवर उजवीकडे वरच्या बाजूला ठेवला, मग मानेवर ठेवला, श्वास सोडून थांबायला सांगितलं आणि पुन्हा ऐकलं. म्हणाले, "मर्मर आहे, ठोक्यांच्या मध्ये जादा आवाज, आणि मानेपर्यंत ऐकू येतोय. उद्याच इको करा." सतराशेसाठ तपासण्यांची यादी नाही, काही नाही. त्या दोन मिनिटांत त्यांनी जे पकडलं ते पुढे लाखाच्या मशिनींनी फक्त आकड्यांत सांगितलं.

आकडे असे. महाधमनीच्या तोंडाशी जी झडप असते, एऑर्टिक व्हॉल्व्ह, तिचं उघडं तोंड तीन ते चार चौरस सेंटिमीटर असायला हवं. माझं ०.७. एकच्या खाली गेलं की तीव्र स्टेनोसिस, म्हणजे झडप फार अरुंद झाली, असं धरतात. त्यातून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ४.४ मीटर, मर्यादा ४. झडपेच्या अलीकडचा नि पलीकडचा दाब यांतला सरासरी फरक ४८, मर्यादा ४०. तिन्ही मापं एकमेकांशी जुळत होती. आमच्या भाषेत, पार्ट रिजेक्ट.

कार्डिओलॉजिस्टने समजावलं की झडपेच्या तीन पाकळ्यांवर वर्षानुवर्षं कॅल्शियम साचत जातं. हे नुसतं झिजणं नाही. पाकळीतल्या पेशी अक्षरशः हाडासारखं ऊतक बनवायला लागतात. पुढे सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियमचा स्कोअर काढतात, तिथे मला एक गंमत कळली. पुरुषांना तीव्रतेची रेघ २००० वर आणि बायकांना १२०० वर. कारण तेवढ्याच अरुंद झालेल्या झडपेत पुरुषांकडे कॅल्शियम जास्त सापडतं, बायकांकडे तंतुमय जाडी जास्त. एकाच रोगाला दोन मर्यादा. माझा स्कोअर २९०० च्या पुढे होता, म्हणजे कुठल्याही रेघेने नापासच.

"औषधाने होईल?" हा प्रश्न मुलाने विचारला. नाही. झडपेवरचं कॅल्शियम विरघळवणारं औषध अजून नाही. अशी अंधारी येऊ लागल्यावर, धाप लागू लागल्यावर झडप बदलली नाही तर निम्मे रुग्ण दोन-तीन वर्षांत जातात, हे डॉक्टरांनी मुलाकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं. ते मला आवडलं. हल्ली म्हाताऱ्या पेशंटसमोर सगळे त्याच्या मुलाशीच बोलतात.

आता दुसऱ्या कागदाकडे वळतो, कारण खरी कहाणी तिथे आहे.

झडप बदलायच्या आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.६, प्लेटलेट ९८ हजार. लोह ठीक, बी-ट्वेल्व्ह ठीक, शौचातून रक्त जात नव्हतं. ते मुद्दाम बघितलं, कारण एऑर्टिक स्टेनोसिस असलेल्यांच्या आतड्यातून रक्तस्राव होऊ शकतो. १९५८ साली हाइड नावाच्या डॉक्टरांनी ही जोडी पहिल्यांदा लिहून ठेवली आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. अरुंद तोंडातून रक्त जोरात घुसळलं जाताना त्यातलं रक्त थांबवणारं एक लांबलचक प्रथिन तुटत जातं, असं त्याचं कारण. माझ्या बाबतीत तसं काही निघालं नाही. मग प्लेटलेट कमी का? कार्डिओलॉजिस्ट म्हणाले, झडप बसवल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी द्यावी लागेल, त्याआधी हिमॅटॉलॉजिस्टचं, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांचं, मत हवं. हिमॅटॉलॉजिस्ट बाई तरुण होत्या. त्यांनी फाइल चाळली आणि म्हणाल्या, "काका, या वयात दोन प्रकारच्या पेशी कमी असल्या की मला एकदा कारखान्यात डोकावून बघावं लागतं." कारखाना म्हणजे अस्थिमज्जा.

बोन मॅरोची धास्ती सगळ्यांना असते, म्हणून सांगतो. कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी. कमरेच्या मागे, पट्ट्याच्या खाली जे हाड हाताला लागतं तिथे भूल देतात. इंजेक्शन चरचरतं. मग सुई हाडात जाते तेव्हा दुखत नाही, फक्त कुणीतरी आपल्यावर रेटा देऊन उभं आहे असं वाटतं. आमच्या शॉपमध्ये आटे पाडायला हाताने टॅप फिरवायचे तसा मनगटाचा पीळ देत देत ती आत जाते, आणि तो पीळ मला कळत होता. दुखतं ते नंतर, सिरिंजने मज्जा ओढतात तेव्हा. पायाच्या अंगठ्यापर्यंत आतून कुणी दोरी खेचावी तशी एक विचित्र कळ. चार-पाच सेकंद. संपतं. सिस्टर म्हणाल्या, "झालं काका, ओरडायचंसुद्धा राहिलं तुमचं."

त्या नमुन्याचे भाग होतात. काही काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली जातं, ते दोन दिवसांत कळतं. तिथे ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पेशी, वाढलेले नव्हते, पेशींची घडण बिघडलेली नव्हती. दुसरा भाग कॅरिओटाइपला. त्यात पेशी लॅबमध्ये वाढवतात, विभाजनाच्या ऐन मध्यावर रसायनाने थांबवतात, कारण तेव्हाच गुणसूत्रं सुटी सुटी दिसतात. मग रंग देऊन, पट्टे बघून, जोड्या लावतात. अशा वीस पेशी मोजायचा रिवाज आहे. याला वेळ लागतो.

रिपोर्ट रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आला. मुलाने उघडला. शेवटच्या ओळीत ४५, एक्स, उणे वाय, चौकटी कंसात ७. मग तिरपी रेघ, ४६, एक्स-वाय, कंसात १३. खाली ठळक अक्षरांत 'अ‍ॅबनॉर्मल मेल कॅरिओटाइप'. म्हणजे मोजलेल्या वीस पेशींपैकी सातांमध्ये वाय गुणसूत्रच नव्हतं.

घरात जे झालं ते लिहायला हरकत नाही. सूनबाईने इंटरनेट उघडलं आणि पहिल्याच पानावर कॅन्सर हा शब्द आला. मुलगा गप्प झाला, मग हळूच म्हणाला, "बाबा, म्हणजे हे माझ्यात पण असणार?" ही देवाजवळ जाऊन बसली. आणि दुसऱ्या दिवशी तलावपाळीला एका मित्राला सांगितलं तर तो पठ्ठ्या कानाशी लागून म्हणतो, "अरे, वाय गेला म्हणजे मग... मिशा वगैरे?" त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे छापण्यासारखं नाही. पण प्रश्न त्याने विचारला, बाकीच्यांच्या मनात तोच होता.

माझी पुतणी कळव्याला राहते, ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. रविवारी आली आणि जेवणाच्या टेबलावर वह्यांच्या पाठकोऱ्या पानावर तिने सगळं काढून दाखवलं. तिचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो. रक्तातल्या लाल पेशींना केंद्रकच नसतं, तेव्हा त्यांच्यात वाय असण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न पांढऱ्या पेशींचा. या पेशी सारख्या मरतात आणि मज्जेतल्या मूळपेशी नव्या बनवत राहतात. आयुष्यभर इतकी विभाजनं होतात की एखाद्या वेळी एका मूळपेशीची वाटणी चुकते आणि वाय मागे राहतो. वाय हे छोटं गुणसूत्र. त्यावर जी मोजकी जनुकं आहेत, त्यांच्यावाचून रक्तपेशी जगू शकते. जगते एवढंच नाही, तर कधीकधी तिची वंशावळ बाकीच्यांपेक्षा जोरात वाढते. मग रक्तातला एक हिस्सा तिच्याच लेकरांचा.

"म्हणजे मी जन्मापासून असा नाही?"

"नाही काका. आणि शरीराच्या बाकी भागात असंच आहे असंही नाही. हे रक्तापुरतं, आणि या वयात झालेलं. दादाला तुमचा वाय मिळाला तेव्हा तो धडधाकट होता."

मुलाच्या चेहऱ्यावर रंग आला. मिशांचं उत्तरही त्यातच होतं, कारण पुरुषी हार्मोन रक्तात तयार होत नाहीत.

तिने आणखी सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. हा काही कालपरवाचा शोध नाही. वय वाढलेल्या पुरुषांच्या रक्तपेशींतून गुणसूत्र हरवतं हे पॅट्रिशिया जेकब्स यांच्या गटाने १९६३ मध्येच नोंदवलं होतं. पन्नास वर्षं त्याकडे पांढऱ्या केसांसारखं बघितलं गेलं. पुढे ब्रिटनच्या यूके बायोबँकेत, म्हणजे लाखो लोकांचे नमुने आणि आरोग्याची माहिती जपणाऱ्या प्रकल्पात, चाळीस ते सत्तर वयाच्या दोन लाखांवर पुरुषांचं रक्त तपासलं तेव्हा पाचांत एकाच्या रक्तात हा प्रकार सापडला, आणि सत्तरीला पोचलेल्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक जणांत. म्हणजे आमच्या तलावपाळीच्या कंपूत मी एकटा असणं अवघडच. मिशांची चौकशी करणाऱ्याचंही तपासून घ्यायला हवं.

हिमॅटॉलॉजिस्ट बाईंनीही तेच सांगितलं, फक्त त्यांच्या कामापुरतं. नुसता वाय गेला म्हणून कुणाला एमडीएस, म्हणजे मज्जेचा आजार, झाला असं म्हणता येत नाही. त्यासाठी पेशींची घडण बिघडलेली दिसायला हवी, ती नव्हती. आणि ज्यांना तो आजार खरोखर असतो, त्यांच्यातही फक्त वाय हरवणं ही सगळ्यात सौम्य वर्गातली गोष्ट मानतात. त्यांनी एक जनुकांचं पॅनेल मात्र करून घेतलं. त्यात डीएनएमटी३ए, टीईटी२ अशा जनुकांतले बदल शोधतात. तेही जन्मजात नसतात, मूळपेशीत उतारवयात होतात आणि त्याच रीतीने पसरतात. माझ्यात त्यातलं काही निघालं नाही. खर्च बराच झाला, पण प्लेटलेट कमी असताना ती शंका उघडी ठेवणं बरोबर नव्हतं, असं मला आजही वाटतं.

इथपर्यंत सगळं आलबेल होतं. पण मी बाईंना विचारलं की याचा माझ्या झडपेशी काही संबंध आहे का? त्या थांबल्या. म्हणाल्या, "संबंध असू शकतो यावर काम झालंय. पण ते कार्डिओलॉजिस्टना विचारा."

पुतणीने शोधून आणलं. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात केनेथ वॉल्श आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला. त्यांनी नर उंदरांच्या मज्जेतल्या पेशींमधून वाय काढून टाकला आणि ती मज्जा दुसऱ्या उंदरांत घातली. ते उंदीर लवकर मेले, आणि त्यांच्या हृदयाच्या स्नायूत तंतू साचले होते. व्रण भरल्यावर जसं निबर ऊतक राहतं, तसं. रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी हृदयात जाऊन मुक्काम करतात, त्या वाय नसला की तंतू वाढवणारे संकेत जास्त सोडतात. टीजीएफ-बीटा नावाचा तो संकेत अँटीबॉडीने अडवला तेव्हा उंदरांची हृदयं सुधारली. त्याच कामात यूके बायोबँकेतल्या पुरुषांचाही ताळा होता. ज्यांच्या चाळीस टक्क्यांहून जास्त पांढऱ्या पेशींतून वाय गेला होता, त्यांना हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मरण्याचा धोका ३१ टक्क्यांनी जास्त निघाला.

आणि थेट माझ्या रोगावर काम झालं होतं फ्रँकफर्टला. तिथल्या गटाने २०२० मध्ये झडप बदलायला आलेल्या २७९ रुग्णांत डीएनएमटी३ए आणि टीईटी२ मधले बदल शोधले, ते साधारण तिसऱ्या हिश्शात सापडले, आणि त्या रुग्णांचं पुढे कमी भलं झालं. मग २०२३ मध्ये झडप बदललेल्या ३६२ पुरुषांत वाय मोजला. ज्यांच्यात १७ टक्क्यांहून जास्त पेशींतून तो गेला होता, त्यांच्यात झडप बदलल्यानंतरचे मृत्यू जास्त होते.

मुलाने कॅल्क्युलेटर न काढताच हिशेब केला. वीसांत सात म्हणजे ३५. मर्यादा १७. दुप्पट. तो परत गप्प.

इथे माझी खोड कामी आली. मी पुतणीला म्हटलं, त्यांनी मोजलं कशाने? तिने वाचून सांगितलं. फ्रँकफर्टवाल्यांनी रक्तातल्या पेशींचा डीएनए घेतला. दातांच्या एनॅमलचं एक जनुक आहे, त्याची एक प्रत एक्सवर असते आणि जराशी वेगळी एक प्रत वायवर. डिजिटल पीसीआरने दोन्ही प्रती मोजायच्या आणि गुणोत्तर काढायचं. हजारो रेणूंची मोजणी. माझं काय मोजलं होतं? रक्त नव्हे, मज्जा. सगळ्या पेशी नव्हे, ज्या काचेच्या भांड्यात वाढायला आणि विभागायला तयार झाल्या तेवढ्याच. आणि नमुना वीसचा. सॅम्पलिंगचे तक्ते मला पाठ आहेत. वीसांत सात आले तर मूळ ढिगात प्रमाण १५ टक्के असू शकतं आणि ५९ही असू शकतं. ढोबळ मापाच्या व्हर्नियरचं रीडिंग घेऊन बारीक मापाच्या मायक्रोमीटरच्या टॉलरन्सला लावलं तर आमच्या साहेबाने भर शॉपमध्ये उभं-आडवं घेतलं असतं. तेव्हा ३५ ची १७ शी तुलनाच करायची नाही. मुलाला हे पटायला दोन चहा लागले.

मग माझी मोजणी त्यांच्या मापाने करून घ्यावी का? पुतणी म्हणाली, ती आपल्या नेहमीच्या लॅबच्या यादीत नाही, संशोधनात करतात. हा प्रश्न घेऊन मी कार्डिओलॉजिस्टकडे गेलो. सोबत माझ्या वहीतले प्रश्न. त्यांनी सगळे ऐकले, हे त्यांचं मोठेपण, बाहेर तोबा गर्दी होती.

त्यांचं उत्तर असं होतं. "समजा मोजलं आणि ५० टक्के आलं, तर झडप बदलायची नाही का?" बदलायचीच. "समजा ५ टक्के आलं, तर थांबायचं का?" थांबायचं नाही. "मग त्या आकड्याने आज तुमचं काय ठरणार?" काही नाही. फ्रँकफर्टच्या कामाचा अर्थ झडप बदलून उपयोग नाही असा नाही, ते सगळे पुरुष झडप बदललेलेच होते. अर्थ इतकाच की झडप मोकळी झाली तरी मागचा स्नायू किती निबर झालाय यावर पुढचं ठरतं, आणि वाय नसलेल्या पेशी त्या निबरपणात भर घालत असाव्यात. तेव्हा उशीर न करणं हाच त्यातल्या त्यात शहाणपणा. "स्नायूत तंतू साचायच्या आधी दार उघडलेलं बरं," असं ते म्हणाले. आणि नंतर तुमच्याकडे जरा जास्त लक्ष ठेवीन, एवढं कबूल केलं.

सिगारेटचंही त्यांनी विचारलं. वागळे इस्टेटमध्ये असताना कॅन्टीनमागे ओढायचो, निवृत्तीच्या सुमारास सोडली. २०१५ च्या एका स्वीडिश अभ्यासात ओढणाऱ्यांच्या रक्तातून वाय जास्त जातो आणि सोडल्यावर तो परिणाम ओसरतो असं आढळलंय. पुतणीने हे आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे डॉक्टरांपुढे मी जरा भाव खाऊन घेतला.

छाती उघडायची की मांडीतून झडप बसवायची, यावर त्यांच्या टीमची बैठक झाली. वय, कमी प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन बघता मांडीतून, म्हणजे टावी, असं ठरलं. ही पद्धत फ्रान्समध्ये रुआँ इथे अ‍ॅलन क्रिबिए यांनी २००२ मध्ये पहिल्यांदा माणसावर केली. धातूची झडप बसवली असती तर जन्मभर अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि तिचा डोस बरोबर आहे का हे बघायला दर काही आठवड्यांनी आयएनआरची रक्ततपासणी आली असती, प्लेटलेट अशा असताना ते नकोच होतं. टावीची झडप प्राण्याच्या हृदयावरणापासून बनवतात, धातूच्या जाळीत शिवलेली. कोणत्या प्राण्याच्या, हे संमतिपत्रावर लिहिलेलं असतं. हिने ते वाचलं, पेन माझ्या हातात दिलं आणि विषय संपवला.

विम्याचं थोडक्यात सांगतो, नाहीतर रक्तदाब वाढतो. अंदाज अठरा लाखांच्या घरात, पॉलिसी पाच लाखांची, बाकी एफडी मोडून. त्या पाचासाठीसुद्धा कॅशलेसला क्वेरी आली. का, तर फाइलमध्ये 'क्रोमोसोमल अ‍ॅबनॉर्मॅलिटी' हे शब्द होते, तेव्हा आजार जन्मजात आहे का ते कळवा. हिमॅटॉलॉजिस्ट बाईंनी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या की हा बदल उतारवयात झालेला आहे, आनुवंशिक नाही, आणि झडपेच्या उपचाराशी त्याचा संबंध नाही. मंजुरी आली. कुणाच्या रिपोर्टात असं काही आलं तर हे पत्र आधीच घेऊन ठेवा. झडप बदलायच्या आधी दातांच्या डॉक्टरकडेही पाठवतात, कारण किडक्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात. माझी एक दाढ त्यात कामी आली.

कॅथलॅबमध्ये थंडी फार. मला पूर्ण भूल नव्हती, गुंगीचं औषध आणि मांडीला भूल. छतावरचे दिवे, बाजूला पडदे, त्यावर माझंच हृदय करड्या रंगात. आवाज स्पष्ट ऐकू येत होते. एका क्षणी डॉक्टर माझ्या बाजूला वाकून म्हणाले, "काका, आता थोडा वेळ घाबरल्यासारखं होईल. होऊ द्या." झडप जागेवर फुगवताना रक्ताचा जोर तिला ढकलून देऊ नये म्हणून तारेने हृदयाला मिनिटाला १८० च्या वेगाने पळवतात, म्हणजे ते नुसतं थरथरतं, रक्त बाहेर फेकत नाही. कुणीतरी "पेसिंग ऑन" म्हणालं. छातीत पाखरू फडफडायला लागलं. कान बंद झाले, दिवे लांब गेले, आणि राम मारुती रोडवरची तीच अंधारी आली, पण या वेळी मला तिचं कारण माहीत होतं. "इन्फ्लेट... होल्ड... डिफ्लेट. पेसिंग ऑफ." मग एक ठोका, मोठा. मग दुसरा. पडद्याकडे बघणारा एक मुलगा कुणालातरी सांगत होता की ग्रेडियंट, म्हणजे तो दाबातला फरक, गेला.

दुसऱ्या दिवशीच्या इकोत ४८ चा ९ झाला होता. रात्रभर पाय सरळ ठेवून पाठीवर पडून राहणं हे मात्र सगळ्यांत त्रासाचं. मावशींनी चमच्याने चहा पाजला. झडपेच्या शेजारूनच हृदयाची वायरिंग जाते, ती दबली तर पेसमेकर लागतो, म्हणून तात्पुरती तार ठेवून बघत होते. ईसीजीत थोडी गडबड दिसली, निवळली. पेसमेकर टळला.

आता सहा महिने होत आलेत. स्टेशनचा जिना एका दमात चढतो म्हणणार नाही, पण कठड्याला टेकावं लागत नाही. हिमोग्लोबिन अकराच्या पुढे सरकलंय. बाईंच्या मते अरुंद झडपेत लाल पेशी चिरडल्या जात असाव्यात, ते थांबलं असेल, पण छातीठोक सांगत नाहीत. प्लेटलेट आहेत तिथेच. कार्डिओलॉजिस्ट इकोत आता झडपेबरोबर स्नायूच्या ताणाचंही माप घेतात आणि रक्तात एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावरचा ताण दाखवणारं प्रथिन, बघतात. कबूल केल्याप्रमाणे. वायचं पुन्हा कुणी काही मोजलेलं नाही, आणि मीही आग्रह धरलेला नाही. तंतू अडवणारं औषध माणसांसाठी येईल त्या दिवशी तो आकडा मागायला मी पहिला जाईन, असं त्यांना सांगून ठेवलंय.

सध्या एकच अ‍ॅस्पिरिन चालू आहे. दर तीन महिन्यांनी सीबीसी करायचा, प्लेटलेट सत्तर हजारांच्या खाली गेल्या तर गोळी स्वतःहून बंद न करता आधी बाईंना फोन करायचा, असं कार्डावर लिहून दिलंय. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.